ऑनलाइन लिलावातली 'एरर' नाणी: घ्यावीत का? सल्ला हवा आहे

शांतनदी

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नाणी जमवते आहे, पण टांकसाळीतल्या चुकांची नाणी माझ्यासाठी अगदी नवी आहेत. दोन महिने ऑनलाइन लिलाव बघतेय. एकच चूक असलेलं नाणं एक विक्रेता दर्शनी किमतीच्या दहापटीला देतो, तर दुसरा त्याचेच हजारपट मागतो. कुणाचं खरं मानायचं?

मागच्या आठवड्यात एक घेतलंही. वर्णनात 'अतिदुर्मीळ ब्रॉकेज' होतं. नाण्यावर नेहमीचा चेहरा आहे आणि त्याच चेहऱ्यावर दुसऱ्या नाण्याची उलटी अक्षरं खोल उमटली आहेत. वजन केलं तर अगदी बरोबर भरलं, म्हणून आधी खूश होते. आता मात्र रोज काढून बघते आणि रोज शंका वाढते. परत करायला आठ दिवस उरलेत.

आणखी दोन नाणी नजरेत आहेत. एकावर साल आणि अक्षरं दुहेरी दिसतात. दुसरं सीलबंद स्लॅबमध्ये, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत आहे, त्यावर ग्रेड (नाण्याच्या स्थितीचा दर्जा) आणि नंबर छापलेला आहे. ओळखायचं कसं, आणि किंमत कशावरून ठरवायची?

ठसा_आणि_छाप

शांतनदीताई, ते नाणं परत करा. फोटो न बघताही हे सांगतोय, कारण तुमच्या वर्णनातच उत्तर आहे.

ब्रॉकेज कसं होतं ते बघा. छापून झालेलं नाणं बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहतं. पुढची कोरी चकती येते तेव्हा त्या बाजूला ठशाऐवजी हे चिकटलेलं नाणंच तिच्यावर दाबलं जातं. त्यामुळे नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीची छाप येते आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी आणि खोलगट उमटते. त्या दुसऱ्या बाजूला तिचं स्वतःचं चित्र असूच शकत नाही, कारण त्या क्षणी तिथला ठसा झाकलेला होता. एकदा नीट छापलेल्या नाण्यावर पुन्हा असा दाब बसणं यंत्रात क्वचित घडतं, पण तेव्हाही दुसऱ्या बाजूला ठशाची ताजी, ठळक छाप दिसायला हवी.

तुमच्या नाण्यावर चेहरा आहे आणि वर उलटी अक्षरंही. म्हणजे आधी नाणं व्यवस्थित छापलं गेलं आणि नंतर कुणीतरी दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये (कारागिराच्या लोखंडी शिकंज्यात) आवळली. चेहऱ्याचा सगळ्यात उंच भाग, गाल किंवा केस, भिंगाखाली चपटा आणि चकचकीत दिसतो का बघा. मागच्या बाजूचा उठावही दबलेला असेल. आणि वजन बरोबर भरणारच, आवळल्याने धातू कुठे जात नाही! वजनकाटा उपयोगी पडतो तो चुकीच्या चकतीवर छापलेलं किंवा ॲसिडमध्ये झिजवलेलं नाणं तपासताना.

मी एकच सवय लावून घेतली आहे. कुठलंही नाणं समोर आलं की विचारतो, ही चूक नेमकी कुठे झाली? चकती कापताना, ठसा घडवताना, की छाप मारताना? या तिन्हींपैकी कुठेच ती बसत नसेल तर नाणं टांकसाळीबाहेर बिघडलेलं आहे.

जुनी_मोहर

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. दुहेरी अक्षरांबद्दल मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे लोक तिथेच घालवतात.

खरं 'डबल्ड डाय' म्हणजे ठसा घडवतानाच त्यावर चित्र किंचित सरकून दोनदा उमटलेलं असतं. मग त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ते हुबेहूब तसंच येतं. अशा नाण्यावर दोन्ही अक्षरं गोलसर, भरीव असतात आणि टोकांना दुभंगल्यासारखी खाच दिसते. याउलट छाप मारताना ठसा सैल असेल तर तो हलतो आणि उमटलेल्या अक्षराची कड खरडली जाते. तिथे पायरीसारखा चपटा काठ दिसतो आणि मूळ अक्षर बारीक झालेलं असतं. याला 'मशीन डबलिंग' म्हणतात. हे ढिगाने सापडतं आणि जाणकार त्याला जादा किंमत देत नाहीत. लिलावात मात्र दोन्हींचं वर्णन एकाच शब्दात केलेलं असतं.

अमेरिकेच्या 1955 च्या एक सेंटचं उदाहरण घ्या. त्यातलं खरं दुहेरी नाणं नुसत्या डोळ्यांनी कळतं, साल आणि अक्षरं दोनदा स्पष्ट दिसतात. त्याच सालची झिजलेल्या ठशातून निघालेली, शेवटचा 5 जरा जाडसर दिसणारी नाणीही तेच नाव लावून विकली जातात. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भिंगवाला

अजून एक फसवी जात: 'उलटं छापलेलं' नाणं. काही देशांत नाणं आडव्या बाजूने उलटलं की मागचं चित्र सरळ दिसतं, तर काही देशांत वरून खाली उलटल्यावर. दोन्ही पद्धती अधिकृत आहेत. घेण्याआधी त्या देशाचं, त्या सालचं साधं नाणं शेजारी धरून बघा.

रानवाट

मी तर म्हणेन, ऑनलाइन घेऊच नका. फोटोत काय कळतं?

ठसा_आणि_छाप

रानवाट, इतकं टोकाला जायला नको. माझ्या संग्रहातली काही उत्तम नाणी लिलावातूनच आली आहेत. फक्त कडेचा फोटो मागायचा, ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत वजन मागायचं आणि परतीची अट लेखी घ्यायची. जो यातलं काहीच देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही.

वजनाने किती फरक पडतो ते सांगतो. 1943 साली युद्धामुळे तांबं वाचवायला अमेरिकेने एक सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचा काढला. चुकून मोजक्या जुन्या तांबूस चकत्यांवरही ती छाप पडली, आणि ती नाणी जगप्रसिद्ध झाली. म्हणून पोलादी नाण्याला तांब्याचा मुलामा देऊन विकणारे आले. ते नाणं लोहचुंबकाला चिकटतं आणि 2.70 ग्रॅमच्या आसपास भरतं. खरं 3.11 च्या आसपास. दुसरी युक्ती म्हणजे 1948 च्या नाण्यातला 8 खरवडून 3 करायचा. ते चुंबक आणि वजन दोन्हींतून सुटतं, तिथे भिंगाखाली 3 चा आकारच बघावा लागतो.

जुनी_मोहर

आणि प्रत्येक चूक दुर्मीळ नसते हेही मनात असू द्या. ब्रिटनच्या 20 पेन्सवर 2008 मध्ये नवं चित्र आलं आणि साल मागच्या बाजूवरून पुढे आणलं गेलं. काही नाणी जुना पुढचा ठसा आणि नवा मागचा ठसा अशी जोडी लागून निघाली, त्यांच्यावर सालच नाही. शंभर टक्के खरी चूक, तरी अशी नाणी हजारोंच्या संख्येने निघाली. पण बातमी झाली की मागणाऱ्यांच्या तोंडाला लगाम राहत नाही.

किंमत बघायची तर मागितलेला आकडा सोडून द्या आणि विकल्या गेलेल्या नाण्यांची यादी उघडा. शक्यतो मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या नोंदीही चाळा. एकच नाणं, तोच फोटो, दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लिलावात दिसत असेल तर बोली लावणारी माणसं विक्रेत्याचीच असण्याची दाट शक्यता आहे. मी तर असे फोटो जपून ठेवतो.

भिंगवाला

स्लॅबबद्दल: आधी कुणी ग्रेड दिली ते बघा. पीसीजीएस किंवा एनजीसी (नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या) असेल तर लेबलावरचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाका. नंबर सापडला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, कारण खरा नंबर उचलून खोटा स्लॅबही बनवला जातो. तिथे नाण्याचा फोटो असेल तर एखादा ओरखडा किंवा डाग धरून दोन्ही नाणी जुळवा. कधी न ऐकलेल्या नावाचं लेबल असेल तर ते नाही असं समजून, उघड्या नाण्यासारखीच तपासणी करा.

शांतनदी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भिंगाखाली पाहिलं. गालाचा भाग अगदी सपाट, आरशासारखा चमकतोय आणि मागच्या बाजूची अक्षरंही दबलेली आहेत. इतकं स्पष्ट होतं आणि मला दिसलं नव्हतं, याचं वाईट वाटलं. विक्रेत्याला कळवलं आहे.

दुहेरी अक्षरांच्या नाण्याचा जवळून घेतलेला फोटो मागवला. काठ चपटा, पायरीसारखाच आहे, म्हणून ते सोडलं. स्लॅबचा नंबर सापडला, पण तिथल्या फोटोत सालाखाली एक डाग आहे आणि लिलावातल्या नाण्यावर तो नाही.

आता ब्रॉकेजवाल्या विक्रेत्याचं म्हणणं आहे की 'नाणं हाताळल्यामुळे' पैसे कापून देईन. हे मान्य करू का?

ठसा_आणि_छाप

मुळीच नाही. परतीचं कारण 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' असंच निवडा आणि बोलणं लिलावाच्या संकेतस्थळावरच्या निरोपांतूनच ठेवा, फोनवर नको. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचे फोटो काढा. पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ घ्या आणि पोच मिळेल अशाच टपालाने पाठवा. ते सपाट गालाचे फोटो इथेही टाकाल का? पुढे कुणी असंच नाणं घेऊन आलं तर दाखवायला उपयोगी पडतील.