दिल्ली: मधे सोमवार येतोय, कसं बसवू? (मदत हवी आहे)

गोदाकाठ
मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर. दिल्लीला जातोय. शनिवारी सकाळी पोचणार, मंगळवारी रात्री परतीची गाडी. बघायचंय ते असं: लाल किल्ला, चांदनी चौक, कुतुबमिनार, इंडिया गेट, युद्धस्मारक, पंतप्रधान संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल आणि जमलं तर ताजमहाल. आता एकेकाच्या वेळा बघायला घेतल्या तर लाल किल्ला सोमवारी बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद, पंतप्रधान संग्रहालयही बंद. मग सोमवारी करायचं काय? आणि बाकीचं रविवार-मंगळवारात कोंबायचं कसं? 'दिल्लीतली दहा प्रेक्षणीय स्थळं' छापाचे दुवे कृपया देऊ नका, ते सगळे वाचून झालेत. कुठल्या दिवशी काय, एवढंच हवंय. तिकिटं आज रात्री काढायची आहेत.

पायपीट
कुठला महिना? कोण कोण आहात, वयं काय? राहणार कुठे? हे कळल्याशिवाय काहीही सांगितलं तरी ते हवेतच जाईल.

सह्यकडा
सोमवारी आग्रा. ताज शुक्रवारी बंद असतो, सोमवारी उघडा. सकाळी निजामुद्दीनहून गतिमान एक्सप्रेस धरा, ताशी १६० किमी वेगाने जाते, शंभर मिनिटांत आग्रा कँट. संध्याकाळी तीच गाडी परत आणते. ताजचं तिकीट ५० रुपये, मुख्य कबरीपर्यंत वर जायचं तर आणखी २००. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दिल्लीत जे बंद ते तसंही बघता येणार नाही, मग तो दिवस दिल्लीत का घालवायचा? शिवाय आग्र्याच्या किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १६६६ साली जिथे महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले ती जागा मराठी माणसाने एकदा तरी बघावी.

गोदाकाठ
@पायपीट, चौघं आहोत. राहायची सोय झाली आहे, ती काळजी नाही. @सह्यकडा, गतिमानचं चांगलं वाटतंय, धन्यवाद. पण मग इंडिया गेट कधी? आणि कुतुबमिनार?

पायपीट
सोय झाली हे कळलं हो, पण कुठे झाली? रोहिणीत राहून कुतुबमिनार गाठणं वेगळं आणि हौज खासला राहून वेगळं. आणि महिना राहिलाच.

खाऊगल्ली
चांदनी चौकात पराठेवाल्या गल्लीत जाल तर आधीच सांगते, तिथले पराठे तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात. लहान मुलांना आणि वयस्कांना जड पडतात. थंडीत जात असाल तर दौलत की चाट सोडू नका, दुधाच्या फेसाची असते आणि फक्त हिवाळ्यातच मिळते. दुपारचं जेवण आंध्र भवनात घ्या, थाळी पोटभर असते, फक्त रांग लागते.

जरीपटका
इतकी यादी केलीत आणि त्यात मराठ्यांची दिल्ली कुठेच नाही याचं वाईट वाटलं. १७३७ मधे बाजीराव पेशवे थेट दिल्लीच्या वेशीवर येऊन धडकले, तालकटोऱ्याजवळ बादशाही फौजेला मारलं. १० जानेवारी १७६० ला दत्ताजी शिंदे पडले ते बुराडी घाटावर, म्हणजे आजच्या दिल्लीच्या उत्तर टोकाला. १७८८ मधे रोहिला सरदार गुलाम कादिरने शाह आलम बादशहाचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली परत घेतली ती महादजींच्या फौजेने, आणि १८०३ पर्यंत बादशहा शिंद्यांच्याच संरक्षणात होता. लाल किल्ल्यात उभं राहून मुलांना फक्त शाहजहान सांगू नका. सोमवारी एक गाडी करा आणि सकाळी बुराडी, मग थेट पानिपत. नव्वद किलोमीटर आहे. काला आंबच्या स्मारकापाशी उभं राहिल्यावर जे वाटतं ते ताजसमोर वाटत नाही.

तटस्थ
@जरीपटका, सांगायचं तर पूर्ण सांगा. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत १७६० मधे सदाशिवरावभाऊंनी काढून वितळवलं, तेही मुलांना त्याच जागी उभं राहून सांगावं लागेल.

जरीपटका
सांगतोच मी. फौजेला द्यायला पैसा नव्हता, उत्तरेतून रसद येईना, पानिपत समोर दिसत होतं. आणि मयूरासनासकट खजिना नादिरशहाने १७३९ मधेच नेला होता. भाऊंच्या हाती लागलं ते उरलंसुरलं.

तटस्थ
कारण कळतं, पण छत गेलं ते गेलंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

गोदाकाठ
अहो, मला सोमवारचं सांगा ना! इतिहासाचा वेगळा धागा काढा, मी नक्की वाचेन. बरं, राहिलेलं सगळं सांगते. जानेवारीचा तिसरा आठवडा. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर चालतात, पायऱ्या मोजक्याच. राहणार द्वारकेला नणंदेकडे. नाशिकहून राजधानीने निजामुद्दीनला उतरतोय. आता तरी सांगा.

पायपीट
जानेवारी आणि गुडघे, हेच पहिल्या ओळीत हवं होतं. माझ्याकडून पानिपत आणि पराठे दोन्ही रद्द. पुढचं दिल्लीकरांनी सांगावं.

बागेश्री
राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान विसरू नका! पूर्वीचं मुघल गार्डन. ट्यूलिप बघून डोळे निवतात. ऑनलाइन नाव नोंदवून जाता येतं.

करोलबागवाली
@बागेश्री, अमृत उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमधे उघडतात, जानेवारीत नाही.

@गोदाकाठ, तुमच्या तारखांमधे सोमवारपेक्षा मोठी अडचण आहे आणि ती अजून कुणी बोललं नाही: सव्वीस जानेवारी. त्याआधी सुरक्षेसाठी लाल किल्ला बरेच दिवस लोकांना बंद ठेवतात. नेमके दिवस दरवर्षी बदलतात, पुरातत्त्व खात्याची सूचना निघते, ती बघितल्याशिवाय लाल किल्ल्याभोवती दिवस आखूच नका. कर्तव्य पथावर त्या आठवड्यात सकाळी संचलनाच्या तालमी चालतात, आजूबाजूचे रस्ते दुपारपर्यंत अडवलेले असतात. इंडिया गेट आणि युद्धस्मारक दुपारनंतरच ठेवा.

आता दिवस.

शनिवार: धुक्यात गाडी किती वाजता पोचेल ते गृहीत धरू नका. सामान आणि सासूबाईंना घेऊन निजामुद्दीनहून द्वारकेला टॅक्सीनेच जा. त्या दिवशी दुसरं काहीच ठरवू नका, वेळ उरलाच तर नणंदेशी गप्पा होतील.

रविवार: अक्षरधाम. द्वारकेहून ब्लू लाइन थेट जाते, मात्र नोएडाकडे जाणारी गाडी धरा. वैशालीची गाडी यमुना बँकला वेगळी वळते आणि अक्षरधाम मागे राहतं. मोबाइल, बॅग, पॉवर बँक काहीच आत नेता येत नाही, सगळं क्लोकरूममधे ठेवावं लागतं. रविवारी त्या रांगेतच खूप वेळ जातो. मोबाइल घरीच ठेवलात तर उत्तम, फक्त आत चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. व्हीलचेअर मिळते. आत प्रदर्शनं, जेवण आणि संध्याकाळचा पाण्याचा कार्यक्रम धरला तर दुपार-संध्याकाळ त्यातच जाते.

सोमवार: बंद असतात ती मुख्यतः संग्रहालयं, अक्षरधाम, लोटस टेंपल आणि लाल किल्ला. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, सफदरजंगची कबर, पुराना किल्ला, जंतरमंतर, लोधी गार्डन हे सगळं सोमवारी उघडं असतं. उशिरा, धुकं विरल्यावर निघा आणि आधी कुतुब करा. परिसर बराचसा सपाट आहे. मिनारावर चढायला १९८१ च्या चेंगराचेंगरीपासून बंदी आहे, त्यामुळे चढण्याचा प्रश्नच येत नाही. मुलाला लोहस्तंभ दाखवा, सोळाशे वर्षं होत आली आणि गंजलेला नाही, कारण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्याचा पातळ थर वर बसलाय. तिथून हुमायूनची कबर. तिचा चौथरा उंच आणि पायऱ्या अगदी उभ्या. सासूबाईंना खाली बागेतूनच सुंदर दिसते, किंवा शेजारच्या सुंदर नर्सरीत त्यांना बसवा, ऊन असेल तर त्यांना उठावंसं वाटणार नाही. दिवस मावळताना युद्धस्मारक.

मंगळवार: पंतप्रधान संग्रहालय. तीनमूर्ती भवनाच्या आवारात आहे, २०२२ मधे उघडलं, नव्या इमारतीत बरंच काही हात लावून, बटणं दाबून बघण्यासारखं आहे, नऊ वर्षांच्या मुलाला आवडेल. मग लोटस टेंपल किंवा चांदनी चौक, दोन्ही नको.

सह्यकडा
सगळं ठीक, पण ताज कुठे गेला? नाशिकहून इतक्या लांब येऊन ताज न बघता परत जाणं पटत नाही. गतिमानने वृद्ध माणसं रोज जातात. ताजला बॅटरीच्या गाड्या आहेत, व्हीलचेअर आहे.

करोलबागवाली
जानेवारीतली गतिमान वेळेवर सुटेल याची खात्री नाही, आणि पोचलात तरी दुपारपर्यंत ताज धुक्यात असू शकतो. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं धुकं. समोर उभं राहून काही दिसत नाही आणि परतीच्या गाडीची वेळ होते. द्वारकेहून निजामुद्दीनला पहाटेच्या थंडीत निघायचं, तेही सासूबाईंना घेऊन. माझी आई असती तर मी नेलं नसतं.

सह्यकडा
धुकं रोज नसतं. मला लख्ख ऊन मिळालं होतं.

करोलबागवाली
मिळतंही. पण तिकीट आज काढायचंय आणि धुकं आदल्या रात्री कळतं.

चारचाकी
एवढं मेट्रो मेट्रो कशासाठी? तीन दिवस गाडी आणि ड्रायव्हर ठरवा, दारात उतरा. गुडघ्याचं माणूस बरोबर असताना राजीव चौकच्या गर्दीत गाडी बदलायला लावणं चुकीचं आहे.

पायपीट
दारात उतरत नाही हो कुणी. चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंत सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे, सायकलरिक्षाच करावी लागते. कर्तव्य पथावर रस्ते अडलेले. बाकी वेळ गाडी सिग्नलवर. मेट्रोत स्थानकांवर लिफ्ट असते, वयस्कांना राखीव जागा असतात, आणि पहिला डबा बायकांचा असतो, सासू-सुना त्यात बसू शकतात.

करोलबागवाली
रविवारी मेट्रो, सोमवारी गाडी. सोमवारची ठिकाणं दक्षिण दिल्लीत पसरलेली आहेत, तिथे गाडीच बरी. वादाचं कारण नाही. आणि राजीव चौक टाळायचा तर द्वारका सेक्टर २१ हून एअरपोर्ट एक्सप्रेसने नवी दिल्लीला या आणि तिथे यलो लाइन धरा. चांदनी चौक पुढचं दुसरंच स्थानक.

वाचनखूण
दोन गोष्टी सुचवतो. २६, अलीपूर रोड: बाबासाहेबांचं ६ डिसेंबर १९५६ ला जिथे निधन झालं तिथे आता राष्ट्रीय स्मारक आहे, उघडलेल्या पुस्तकाच्या, म्हणजे संविधानाच्या आकाराची इमारत. यलो लाइनच्या सिव्हिल लाइन्स स्थानकावर उतरायचं. दिल्लीला गेलेली मराठी कुटुंबंसुद्धा हे वगळून येतात, त्याची फार खंत वाटते. तेही सोमवारी बंद असतं, म्हणून मंगळवारी चांदनी चौकाला जोडा, एकाच लाइनवर आहे. दुसरं, रविवारी दर्यागंजचा जुन्या पुस्तकांचा बाजार, आता आसफ अली रोडवर महिला हाटमधे भरतो.

वृंदावनी
सासूबाई बरोबर आहेत तर मथुरा-वृंदावन करा. बांकेबिहारींच्या दर्शनाने त्यांना जे समाधान मिळेल ते मिनार बघून नाही मिळणार.

गोदाकाठ
@वृंदावनी, सासूबाई मुंबईत इतिहासाच्या शिक्षिका होत्या, त्यांनाच कुतुबमिनार बघायचाय :) @वाचनखूण, अलीपूर रोड यादीत घेतलं, त्यांनी ऐकल्याबरोबर हो म्हटलं. ताज या वेळी सोडतेय. @सह्यकडा, राग मानू नका, मार्चमधे वेगळं जाऊ. लाल किल्ल्याच्या सूचनेकडे लक्ष ठेवते. एकच राहिलं: युद्धस्मारकात सासूबाईंना फार चालावं लागेल का? आणि मुलाला तिथे काय दाखवू?

जरीपटका
हे मी सांगतो. परम योद्धा स्थळावर परमवीरचक्र मिळालेल्या २१ वीरांचे अर्धपुतळे आहेत. त्यात राम राघोबा राणे शोधायला लावा. १९४८ मधे नौशेरा भागात त्यांनी गोळीबारात सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला. आणि सांगा की परमवीरचक्राच्या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली, जन्माने परदेशी, लग्नाने खानोलकर.

करोलबागवाली
आवार मोठं आहे, पण वाटा सपाट आहेत. संध्याकाळच्या मानवंदनेला थांबा, हुतात्म्याच्या घरचं माणूस येऊन पुष्पचक्र वाहतं. जानेवारीत तिथे वारा बोचतो, सासूबाईंचे कान झाकायला जाड रुमाल घ्या.

ट्रेकर_अमोल
याच धाग्यावर विचारतो, दिल्लीहून मनालीला रात्रीची बस बरी की स्वतःची गाडी?

पायपीट
@अमोल, वेगळा धागा काढा आणि महिना लिहा.