मदत हवी आहे: संस्थेमार्फत ४२ घरकुलं बांधायची आहेत, पीएमएवाय (प्रधानमंत्री आवास योजना) शहरी २.० चं अनुदान संस्थेच्या खात्यात घेता येईल का? (नागपूर)

नागनदी
नमस्कार मंडळी. पूर्व नागपुरात नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) जागेवरची वस्ती आहे. ४२ कुटुंबांना पट्टे (जागेच्या हक्काचे कागद) मिळाले, रजिस्ट्रीही झाली. प्लॉट बहुतेक १२ बाय २० फुटांचे. आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, नफा घेत नाही. सगळ्यांचं अनुदान संस्थेच्या खात्यात घेऊन एकाच ठेकेदाराकडून सलग बांधकाम करावं, असं वस्तीच्या बैठकीत ठरतंय.
१. हे नियमात बसतं का?
२. नसेल तर संस्थेनं काय करावं?
३. २.५ लाखांत घर उभं राहतं का? बायाबापड्या हाच प्रश्न सारखा विचारतात आणि त्यांना खरा आकडा सांगायचा आहे.

गिट्टीखदान
पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही'. तुमचं प्रकरण बीएलसी घटकात येतं, म्हणजे स्वतःच्या जागेवर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं घर. केंद्राचे १.५ लाख आणि राज्याचा १ लाख थेट लाभार्थ्याच्या आधार-जोडलेल्या खात्यात येतात, मध्ये संस्था येत नाही. एएचपी घटकात प्रकल्पाला पैसा मिळतो, पण तिथे शासकीय यंत्रणा किंवा विकासक इमारती उभारतो (तरोडी, वाठोड्याच्या गाळ्यांसारखं). पट्टा हातात असताना तिकडे वळू नका. पायाखालची जमीन सोडून चौथ्या मजल्यावर जायला वस्ती तयार होणार नाही, आणि होऊही नये.

दुसरं. संस्थेसाठी काम भरपूर आहे, सुरुवात कागदांपासून करा. पट्टा, आधार आणि पासबुक या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते आधी बघा. पट्ट्यावर 'शांताबाई' आणि आधारवर 'शांता' एवढ्या फरकावरसुद्धा हप्ता अडकतो. घर घरातल्या बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे लागतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं, देशात कुठेही पक्कं घर नको आणि गेल्या २० वर्षांत कोणत्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. तुमच्याकडे रमाई आवासचे (अनुसूचित जातींसाठीची राज्याची घरकुल योजना) अर्ज केलेली कुटुंबं नक्की असतील. एका कुटुंबाला दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत, तेव्हा त्यांची यादी आत्ताच वेगळी काढा.

आणि हे प्रत्येक घरी जाऊन सांगा: कार्यादेश (काम सुरू करायची परवानगी) मिळून जुन्या झोपडीचा जिओ-टॅग (ठिकाण नोंदवलेला) फोटो निघेपर्यंत एक वीटही हलवायची नाही. पावसाळ्याआधी उरकू म्हणून लोक झोपडी पाडतात, मग 'सुरुवातीचा टप्पा' दाखवायला जागेवर काहीच उरत नाही.

तिसरं, खरा आकडा. २.० मध्ये घराचं चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली जागा) ३० ते ४५ चौरस मीटर हवं. ३० चौ. मी. म्हणजे ३२३ चौरस फूट. तुमचा प्लॉटच २४० फुटांचा, त्यातून भिंती वजा जातात. म्हणजे खाली-वर मिळून दोन मजले आले. भिंती धरून बांधकाम ३८० फूट आणि दर फुटाला १,७०० रुपये धरला (तुमच्या मिस्त्रीकडून घेऊन हा आकडा बदला), तर साडेसहा लाखांच्या जवळ जातं. जिना त्यात धरलेला नाही. चार लाख कुटुंबाला उभे करावे लागतील, हे बैठकीत स्पष्ट सांगा. अर्धवट स्लॅबखाली दोन पावसाळे काढण्यापेक्षा हा आकडा आज ऐकलेला बरा.

नागनदी
धन्यवाद. मग मधल्या पैशांसाठी संस्थेनं कर्ज काढून कुटुंबांना दिलं तर?

गिट्टीखदान
थांबा. सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, कलम ३६ अ). संस्थेनं त्या वाटेला जाऊ नये. बचत गटांना बँकेचं कर्ज मिळवून द्या.

अडचण फक्त एकूण रकमेची नाही, पैसा हातात पडतो त्या वेळेचीही आहे. केंद्र आपला वाटा ४०-४०-२० टक्के अशा तीन हप्त्यांत सोडतं. काम आधी, फोटो नंतर, पैसे त्याच्याही नंतर. दोन हप्त्यांमधल्या काळात मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून जातो, आणि तो परत येईपर्यंत सळाखीला गंज चढतो. म्हणून ४२ घरं एकदम काढू नका. आठ-आठ घरांच्या तुकड्या करा. पहिल्या तुकडीचं लिंटल (दार-खिडक्यांवरची आडवी तुळई) झालं की दुसरीची खोदाई, म्हणजे गटाचा तोच पैसा फिरत राहतो.

रेतीघाट
सामानाबद्दल. दोन मजली ३८० फुटांना अंदाजे १५० पोती सिमेंट आणि दीड टन सळाख लागेल. गट मिळून भाव ठरवा, बिल मात्र ज्याच्या त्याच्या नावे फाडा. सिमेंट एका तुकडीपुरतंच उतरवा: तीन महिने पडून राहिलं की जोर कमी होतो, आणि वस्तीत कोरडी जागा नसते. पोती फळ्यांवर ठेवायची, भिंतीपासून हातभर दूर, दहाच्या वर थर नको. रेती विकत घेण्याआधी तहसील कार्यालयात अर्ज करा. घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) रेती मोफत आहे, वाहतूक तेवढी आपली. विटांसाठी फ्लाय ॲशच्या बघा. कोराडी-खापरखेड्याची राख जवळच असल्यानं इथे सहज मिळतात.

आता पाया, कारण पैसा इथेच बुडतो. जमीन काळी असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीन फुटांवर थांबलेला पाया तिच्याबरोबर हलतो, मग दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग पडते. खोदाई सुरू होण्याआधी प्रत्येक ओळीत एक चाचणी खड्डा घ्या आणि मुरूम किती खोल लागतो ते लिहून ठेवा. चार-पाच फुटांत लागला तर पाया मुरमावर टेकवा. सात-आठ फूट काळीच लागली तर अभियंत्याकडून अंडर-रीम्ड पाइलचा (तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खोल खांब) हिशेब करून घ्या, खोल खोदाईपेक्षा बरेचदा तेच स्वस्त पडतं. दोन्ही प्रकारांत प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची तुळई) हवाच. खोदाईत निघालेली काळी माती जोत्यात परत भरू नका, मुरूम भरून पाणी मारून थराथरानं ठोका. घरं चिकटून असल्यानं शेजारच्याची भिंत उघडी पडेल, तेव्हा दोन्ही प्लॉटची खोदाई एकाच वेळी करा.

झिरोमाइल
एक राहिलं. शेजारच्या ज्या गल्ल्यांना अजून पट्टे मिळाले नाहीत, त्यांना या यादीत घेण्याआधी जमिनीची नोंद काढा. नासुप्र, मनपा किंवा नझूलची (शहरातली सरकारी जमीन) असेल तर पट्ट्याची वाट आहे. रेल्वेची असेल तर राज्य पट्टा देऊ शकत नाही. सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' असेल तर २२ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ती वनजमीन ठरते आणि केंद्राच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाही. अशा घरांकडून आत्ता अर्जाचे, नकाशाचे पैसे गोळा करू नका.

नागनदी
सोमवारी पट्टा-आधार-पासबुक जुळवणीचा तक्ता सुरू करतो. चाचणी खड्डे सहा ओळींत सहा घेतो आणि मुरमाची खोली इथे टाकतो. रेतीघाट भाऊ, तेव्हा बघून सांगाल का?

रेतीघाट
हो. खोलीबरोबर खड्ड्यात पाणी किती वर आलं आणि तारीख कोणती, तेही लिहा.