मदत हवी आहे: फिग्मातलं डिझाइन कोडमध्ये उतरताना इतकं का बदलतं?

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये वेब डिझाइनची कामं करते. सध्या दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदारांची मराठी साइट हातात आहे. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधला प्रोटोटाइप, म्हणजे साइटचा नमुना, त्यांना मनापासून आवडला होता. कोड झालेली साइट मोबाइलवर उघडली आणि ते म्हणाले, "ताई, हे ते नाहीये." त्यांचं म्हणणं खरं आहे.

सगळ्यात जास्त खटकतो तो मथळा, 'थेट बागेतून'. 'थे'वरची मात्रा वरून कापली जाते, कारण लाइन-हाइट (ओळीची उंची, फाँटच्या आकाराच्या पटीत) १.१ आहे आणि बॉक्सला ओव्हरफ्लो हिडन लावलाय, म्हणजे बाहेर जाणारा भाग दिसतच नाही. लेटर-स्पेसिंगमुळे, म्हणजे अक्षरांमधल्या जादा अंतरामुळे, शिरोरेषा तुटत होती. ते शून्य केल्यावर रेषा जुळली. मुक्ता फाँटच्या फाइलमध्ये फक्त रोमन अक्षरं होती, त्यामुळे मराठी मजकूर फोनच्याच फाँटमध्ये दिसत होता. तेही सापडलं.

अडलंय ते पुढे. माझ्या फ्रेम्स, म्हणजे स्क्रीनचे आराखडे, ३९० (मोबाइल) आणि १४४० (डेस्कटॉप) पिक्सेल रुंदीच्या आहेत. मधल्या रुंदीला, म्हणजे टॅबलेटवर, द्राक्षाच्या जातींची कार्डं वेडीवाकडी होतात. डेव्हलपर मेहनती आहे, पण मधलं कसं दिसावं हे त्याने कशावरून ठरवायचं?

तुम्ही डेव्हलपरला नेमकं काय देता? प्रत्येक रुंदीची वेगळी फ्रेम, की ऑटो लेआउट (फिग्मातली आपोआप जुळणारी मांडणी) आणि किमान-कमाल रुंदीचे नियम पुरतात? आणि देवनागरी मथळ्यांना लाइन-हाइट किती ठेवता? एखादी चालू मराठी साइट दाखवता आली तर फार मदत होईल. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आलाय, साइट त्याआधी नीट व्हायला हवी.