मदत हवी आहे: आईचा आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा) एका जागी राहत नाही

आई ६३ वर्षांची, आम्ही भांडुपला राहतो. लहानपणी तिला सांधेताप झाला होता, त्यात हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली. मधूनमधून छातीत धडधडायचं, ती म्हणायची गॅस झालाय. आम्हीही ऐकून घेतलं.

जूनमध्ये चहा गाळताना हातातून गाळणं पडलं, तोंड वाकडं झालं. आमच्या टेकडीवरच्या चाळीपर्यंत अ‍ॅम्ब्युलन्स येत नाही. दादाने खुर्चीत बसवून खाली उतरवलं. साडेचार तासांच्या आत पोचलो म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं. आता बोलणं स्पष्ट आहे, उजव्या हाताची पकड मात्र सैल.

डॉक्टर म्हणाले, झटका मेंदूला आला तरी गुठळी हृदयातली. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचा कप्पा आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरतो, रक्त साचून गोठतं आणि तो गोळा मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो.

वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू आहे. आयएनआर २ ते ३ हवा, आधी १.६ आला, मग थेट ३.८. पालेभाजीने आयएनआर हलतो, पण ती बंद करू नका, प्रमाण सारखं ठेवा असं सांगितलंय. श्रावणात हे कसं जमवता? शेजारच्या काकांच्या नव्या गोळीला रक्ततपासणी लागत नाही, ती आईला का नाही?

प्रतिसाद १
ताई, माझ्या सासूबाईंचीही झडप अशीच. डॉक्टर बरोबर आहेत. सांधेतापाने झडप बिघडलेल्या रुग्णांवरची मोठी चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली, त्यात रिव्हरॉक्सबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉर्फरिनसारख्या जुन्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. काकांची झडप चांगली असेल, म्हणून त्यांना नवी चालते.

आम्ही पालेभाजीचे वार ठरवलेत, बुधवार आणि रविवार, एकेक वाटी. गोळी रोज रात्री ९ला, वहीत टिक. अंगदुखीची गोळी, अँटिबायोटिक किंवा कुणी दिलेला काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आमचा आयएनआर एकदा काढ्यानेच बिघडला होता. गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळी झाली तर लगेच दाखवा.

धागाकर्ती
वही आजच घालते. काढा आमच्याकडेही चालू होता, मावशीने आणलेला! आज डॉक्टरांना फोन करून सांगते. आणि गौरी आल्या की शेपू-भाकरीचा नैवेद्य असतो. तो बुधवारी आला नाही तर त्या आठवड्यातली एक वाटी त्या दिवशी सरकवली तर चालते का?