चिपळूणला कायमचं परत जायचंय: पुरात बुडालेलं घर दुरुस्त करावं की उंचावर जागा घ्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी मूळची चिपळूणची, लग्नानंतर ठाण्यात. आता नोकरीतून मोकळी झाले आहे, मुलगा बंगळुरूला आहे आणि आम्ही दोघांनी चिपळूणलाच जाऊन राहायचं ठरवलंय. सोबत माझी आई, वय ७९. "जावई सासुरवाडीला राहणार?" हा प्रश्न नातेवाइकांनी विचारून झालाय. यजमानांची काहीच हरकत नाही, तेव्हा तो विषय इथे नको.

प्रश्न घराचा आहे. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला आमचं जांभ्याचं जुनं घर आहे, वर लाकडी माडी आणि कौलं. २००५ च्या पुरात ओटीपर्यंत पाणी आलं होतं, तेव्हा घर धुऊन आम्ही पुन्हा राहिलो. २२ जुलै २०२१ ला मात्र पहाटे पाणी चढत गेलं ते माजघराच्या दाराची चौकट बुडवून थांबलं. आई शेजारच्यांबरोबर माडीवर बसून होती. पाणी ओसरल्यावर आम्ही पोचलो तेव्हा लोणच्याच्या बरण्या झाकणं जागच्या जागी असूनही चिखलाने भरलेल्या होत्या आणि कपाटातल्या साड्यांचा एकच गठ्ठा झाला होता. तेव्हापासून आई ठाण्याला आहे आणि घराला कुलूप. भिंतीवरची पाण्याची रेघ अजून तशीच आहे, खालच्या हातभर गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, माडीच्या दोन तुळयांना वाळवी लागली आहे.

आईला तिच्याच घरात जायचंय. विहीर, परसातला फणस, गल्लीतली माणसं, सगळं तिथे आहे. ठाण्याच्या बाराव्या मजल्यावर ती दिवसभर कोणाशी बोलणार? तिला पाण्याची भीती वाटत नाही, मला वाटते. पावसाळ्यात रात्री मला झोप लागणार नाही हे मला ठाऊक आहे. यजमान म्हणतात, कापसाळकडे वरच्या अंगाला फ्लॅट घेऊ. पण मग ती तिथेही एकटीच.

वाशिष्ठी नदीतला गाळ काढल्याचं ऐकलंय. त्याने खरंच फरक पडलाय का? जांभ्याच्या भिंतीची ओल कशी काढतात? आणि मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून आजोबांचंच नाव आहे. वारसांत माझा भाऊ आणि दोन चुलत भाऊ. आधी कागद की आधी दुरुस्ती? तिथे राहणाऱ्यांनी, विशेषतः बाहेरून परत आलेल्यांनी, मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद

ताई, मी चिपळूणातच असतो, आमच्याही घरात पाणी होतं. गाळ निघाल्याने पाणी लवकर ओसरतं असं आम्हाला वाटतं, पण त्या भरवशावर घर लावू नका. वीजनिर्मितीनंतरचं कोयना धरणाचं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीतच येतं, वर सह्याद्रीवर पाऊस, आणि खाली खाडीला भरती असली की पाण्याला वाट मिळत नाही. ही तिन्ही जुळली की काय होतं ते तुमच्या आईंनी पाहिलंय.

पहिलं काम: नगरपरिषदेत जाऊन घर निळ्या पूररेषेच्या आत येतं की निळ्या-लाल रेषांच्या मध्ये, ते नकाशावर बघा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. पाडून नवं बांधायचा विचार असेल तर परवानगी त्यावरच अवलंबून आहे.

जांभ्यावर सिमेंटचा गिलावा असेल तर तो खरवडून काढा, ओल आतच कोंडते. एक उन्हाळा भिंती उघड्या ठेवा आणि मग चुन्याचा गिलावा करा. विजेचा मीटर, बोर्ड, इन्व्हर्टर, देव्हारा, कागदपत्रं सगळं माडीवर न्या. तुळया मात्र आधी बदला, पुरात तुमचा आसरा तीच माडी आहे.

प्रतिसाद

आधी कागद, ताई. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज करा. आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागेल. वारसांत मुलीही येतात, आत्या असतील तर त्यांचीही नावं घाला. कोणाला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, साध्या स्टँपपेपरवर लिहून दिलेलं चालत नाही. खर्च तुमचा आणि घर सगळ्यांचं, असं झालं की चांगली भावंडंही दुरावतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, रविवारी भावांना फोन करते. आईला विचारलं, तर पावसाळ्याचे चार महिने वरच्या बाजूला आणि बाकी वर्षभर आपल्या घरी, याला ती तयार आहे. तेव्हा आता नेमकी विचारणा: कापसाळ किंवा खेंडच्या बाजूला जून ते सप्टेंबर भाड्याने मिळेल अशी तळमजल्याची, दोन खोल्यांची जागा कोणाच्या माहितीत आहे का? आईला जिने चढवत नाहीत. आणि जांभ्याच्या जुन्या घरांची कामं करणारा, चुना मळता येणारा गवंडी कोणी असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.