कलम अठरा-एक की बारा-तीन? पगारवाढीच्या कराराला कामगार आयुक्तांची मंजुरी लागते का?

प्रश्न (एचआर_विभाग):
कारखान्यात २४० कायम कामगार आहेत. मोठ्या युनियनचे १५० सभासद, छोट्या युनियनचे ४०, उरलेले कुठल्याच युनियनमध्ये नाहीत. मोठ्या युनियनशी तीन वर्षांच्या पगारवाढीचा मसुदा ठरला आहे. बदल्यात उत्पादन १२ टक्के वाढवायचं आणि शिफ्टच्या वेळा बदलायच्या. व्यवस्थापन म्हणतं, आपसात सह्या करू, एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयात देऊन पोच घेऊ, की झाली मंजुरी. छोटी युनियन हा करार मानायला तयार नाही. पोच मिळाली की करार सगळ्यांना लागू होतो का?

उत्तर (कामगार_कायदा_सल्लागार):
नाही. पोच म्हणजे कागद मिळाल्याची नोंद, त्यापलीकडे काही नाही. तुमच्या करारात खरा प्रश्न मंजुरीचा नाहीच, तो कोणाकोणाला बांधतो हा आहे, आणि ते सह्या कुठे आणि कशा झाल्या यावर ठरतं.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधलं कलम १८(१) आपसातल्या कराराचं. तो फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. युनियन बहुमतात आहे म्हणून बाकीचे आपोआप बांधले जात नाहीत. झगराखंड कॉलिअरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे तुमचे ९० कामगार बाहेरच राहतात. उद्या छोट्या युनियनने वेगळं मागणीपत्र दिलं, तर ‘करार झालाय’ हे उत्तर पुरणार नाही.

समेट अधिकाऱ्यासमोर (म्हणजे मालक-कामगार वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर) झालेला करार, म्हणजे कलम १२(३) चा, कलम १८(३) मुळे आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना बांधतो. यात छोट्या युनियनचे सभासद, कुठल्याच युनियनमध्ये नसलेले आणि नंतर भरती होणारेही आले. कारखाना विकला गेला तर नव्या मालकालाही तो पाळावा लागतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले. हा फरक मात्र तिथेही कायम आहे. मसुद्यात जुनी कलमं तशीच उतरवू नका, एवढं पाहा.

एचआर_विभाग:
मग सह्या आपसात करून समेट अधिकाऱ्याचा शिक्का नंतर घेतला तर?

उत्तर (कामगार_कायदा_सल्लागार):
इथेच बहुतेक करार फसतात. बाटा शू कंपनीच्या १९६१ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की समेटाची कार्यवाही चालू असताना सह्या झाल्या, एवढं पुरेसं नाही. करार समेट अधिकाऱ्याच्या मदतीने आणि संमतीने झालेला असला पाहिजे. नंतर मारलेला शिक्का ही उणीव भरून काढत नाही.

म्हणून आधी विवाद समेटासाठी दाखल करा: मागणीपत्र, त्यावर कंपनीचं उत्तर आणि संयुक्त बैठकीची विनंती. छोट्या युनियनलाही तारखेची सूचना जाईल असं बघा. ती आली नाही तरी सूचना दिल्याची नोंद राहते. अधिकाऱ्याने अटी वाचल्या, दोन्ही बाजूंना विचारलं, हे रोजनाम्यात आलं पाहिजे. सह्या त्याच्यासमोर करा आणि त्याचीही सही घ्या.

उत्तर (मसुदा_लेखनिक):
कागदाबद्दल थोडं. जुन्या केंद्रीय नियमांतला करारपत्राचा नमुना एच अजूनही चांगला सांगाडा आहे: पक्षांची नावं, दोन्हीकडचे प्रतिनिधी, विवादाची थोडक्यात हकीकत, अटी, सह्या, साक्षीदार. युनियनतर्फे सही करणारा पदाधिकारी हवा. युनियन नसेल तर त्याच कामासाठी बोलावलेल्या सभेने अधिकार दिलेले पाच प्रतिनिधी सह्या करतात. त्या सभेचा ठराव जोडा. ‘यांना अधिकारच नव्हता’ हा आक्षेप सगळ्यात आधी येतो.

मुदत तारखांनी लिहा: १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२९. मुदत लिहिली नाही तर कायदा सहा महिनेच धरतो. उलट, मुदत संपली म्हणून करार आपोआप संपत नाही; तो संपवण्याची लेखी नोटीस देऊन तिचा काळ भरेपर्यंत अटी चालू राहतात. ती नोटीसही बहुसंख्यांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या पक्षाचीच चालते.

‘उत्पादन १२ टक्के वाढवणे’ असं मोघम लिहाल तर सहा महिन्यांत भांडण उभं राहील. कुठलं मशीन, आजचा प्रति शिफ्ट आकडा किती, नवा किती, वीज गेली किंवा कच्चा माल आला नाही तर तो वेळ कसा वजा करायचा, याचा तक्ता परिशिष्टात द्या आणि परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर सह्या घ्या.

शिफ्टच्या वेळा बदलायला एरवी २१ दिवसांची बदलाची नोटीस लागते. करारानुसार केलेल्या बदलाला ती लागत नाही. पण करार आपसातला असेल तर त्या ९० जणांना नोटीस द्यावीच लागेल.

उत्तर (युनियन_पदाधिकारी):
कामगारांच्या बाजूने एक गोष्ट नीट बघा: वाढ कुठल्या रकान्यात पडते. नव्या कामगार संहितांत वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. मूळ पगार आणि महागाई भत्ता ११,०००, बाकी भत्ते १५,०००, एकूण २६,००० असेल तर निम्मे १३,०००. भत्त्यांतले जादा २,००० वेतनात येतात आणि ग्रॅच्युइटी १३,००० वर मोजावी लागते. हा हिशेब सह्या करण्याआधी प्रत्येक ग्रेडसाठी करून घ्या, नाहीतर कंपनी नंतर ‘एवढा खर्च धरला नव्हता’ म्हणून थकबाकी अडवते.

छोट्या युनियनने करार अन्यायकारक म्हणून आव्हान दिलं तर न्यायालय एकेक अट सुटी काढून तोलत नाही. हर्बर्टसन्स कंपनीच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार करार एकसंध म्हणून बघितला जातो. त्यामुळे कामाचा बोजा वाढतो त्याच्या बदल्यात काय मिळालं, हे हकीकतीच्या परिच्छेदातच लिहा.

आणि कंपनीने करार पाळला नाही तर थांबून राहू नका. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यात चौथ्या परिशिष्टातल्या नवव्या बाबीनुसार ती अनुचित कामगार प्रथा आहे आणि औद्योगिक न्यायालयात तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे. थकबाकीची तारीख करारात ठळक असली की ही मुदत कुठून मोजायची यावर वाद राहत नाही.