मदत हवी आहे: वय ३४, नुकतंच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, गोव्यात पहिली नोकरी कशी मिळवायची?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसची नोकरी सोडून बेळगावातून जीएनएम केलं. वय ३४, पुरुष. नोंदणी कर्नाटक नर्सिंग कौन्सिलची. राहतो डिचोलीला, पणजी-म्हापसा पट्ट्यात कुठेही रोज जाऊन-येऊन करायची तयारी आहे. खाजगी इस्पितळांत अर्ज केले की एकतर "अनुभव असेल तर या" म्हणतात, नाहीतर "रिसेप्शनला जागा आहे, तुमचा हॉटेलचा अनुभव उपयोगी पडेल". सरकारी नोकरीसाठी थांबावं की मिळेल ते घ्यावं? मुलाखतीत नक्की काय विचारतात? जाणकारांनी सांगावं.

कागदवाला:
आधी नोंदणीचं बघा. कर्नाटकच्या नोंदणीवर गोव्यात कायम काम करता येत नाही, गोवा नर्सिंग कौन्सिलकडे बदली करून घ्यावी लागते. त्यासाठी कर्नाटक कौन्सिलचा नाहरकत दाखला लागतो. पडताळणी दोन कौन्सिलांमध्ये होत असल्यामुळे त्यात आठवडे जातात, म्हणून नोकरी मिळाल्यावर बघू असं करू नका. आजच अर्ज टाका आणि पावतीची प्रत बायोडेटाला जोडा. "नोंदणी बदली प्रक्रियेत" एवढी एक ओळ असली तरी एचआरवाल्याच्या मनातली अर्धी शंका जाते. एनएबीएच (इस्पितळांचा दर्जा तपासणारी संस्था) मानांकन असलेल्या इस्पितळांना प्रत्येक नर्सची नोंदणी तपासून फाइलला लावावी लागते. अर्ज बाजूला पडतो तो बऱ्याचदा यामुळेच, आणि उमेदवाराला वाटतं वय आडवं आलं.

अर्ज अडकायचं दुसरं कारण नावाचं स्पेलिंग. आपल्याकडे गावकर हे एकच आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, आधारवर तिसरं. दहावी, डिप्लोमा, नोंदणी आणि आधार ही चार कागदपत्रं शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा. नोंदणीवर चुकीचं नाव चढलं की पुढे प्रत्येक ठिकाणी ते निस्तरत बसावं लागतं.

आणि मूळ प्रमाणपत्रं कोणालाही ठेवून घेऊ देऊ नका. दाखवा, प्रती द्या, परत घ्या.

इनचार्ज_सिस्टर:
रिसेप्शनचं काम घेऊ नका. "आधी फ्रंट डेस्कला लागा, मग वॉर्डात टाकू" यातलं "मग" फार लांबतं. विमा डेस्क, पेशंट रिलेशन्स, टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी कंपनी) समन्वय, सगळ्यांचं तेच. पगार थोडा बरा असतो, पण रुग्णाजवळचा अनुभव त्यात धरला जात नाही. एजन्सीमार्फत घरी जाऊन रुग्ण सांभाळण्याचं काम अडीअडचणीला ठीक, अनुभव म्हणून इस्पितळं ते मोजत नाहीत.

५० किंवा त्याहून जास्त खाटांचं इस्पितळ धरा आणि तिथला जनरल वॉर्ड, कॅज्युअल्टी, आयसीयू किंवा डायलिसिस मागा. प्रसूती विभागात पुरुषांना घेत नाहीत, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. उलट ऑर्थो, कॅज्युअल्टी आणि आयसीयूत ब्रदर (पुरुष नर्स) हवेच असतात, अर्जात तसं स्पष्ट लिहा. नेमणूकपत्रावर पद "स्टाफ नर्स" किंवा "नर्सिंग ऑफिसर" असंच हवं. "असिस्टंट" लिहिलेलं असेल तर सहीआधी बदलून घ्या. सोडताना मिळणाऱ्या अनुभवपत्रावर विभाग, तारखा आणि इस्पितळाची खाटांची संख्या मागून घ्या. पुढे आखातात जायचं मनात आलं तर तिकडे साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि एकेका कागदाची पडताळणी करतात. मोघम अनुभवपत्र तिथे चालत नाही.

बायोडेटा एका पानाचा. वर नोंदणी, त्याखाली क्लिनिकल पोस्टिंग: कुठला विभाग, किती आठवडे, काय काय केलं. हॉटेलची नोकरी लपवू नका, पण तिला दोनच ओळी द्या: रात्रपाळीची सवय, संगणकावर नोंदी, चिडलेल्या माणसाशी बोलणं, आणि कुठल्या भाषा येतात ते. बीएलएसचं (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचं) प्रमाणपत्र नसेल तर अर्जाआधी करून घ्या, दोन वर्षं चालतं.

फोंड्याचो:
सरकारीबद्दल थोडक्यात. जाहिराती वर्तमानपत्रांत आणि खात्याच्या संकेतस्थळावर येतात. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो की आरोग्य संचालनालय, भरती कुठल्या मार्गाने होणार ते जाहिरातीतच वाचा. १५ वर्षं वास्तव्याचा दाखला मामलेदाराकडून, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड आणि कोंकणी येणं ही तयारी हवीच. मराठी येत असेल तर इष्ट धरतात. वयोमर्यादा बहुधा ४५, म्हणजे तुम्हाला वाव आहे. एम्सच्या नॉरसेटचा (नर्स भरतीच्या परीक्षेचा) नाद मात्र सोडा: तिथे मर्यादा ३०, ओबीसींना तीन आणि एससी-एसटींना पाच वर्षांची सूट, वर जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या इस्पितळातला दोन वर्षांचा अनुभव. एसटीत असाल तरी दोन वर्षांचा अनुभव होईपर्यंत तुम्ही ३६ चे, गणित बसत नाही. सरकारी अर्ज भरत राहा, पण घरी बसून वाट बघू नका. नर्सिंगमध्ये पास झाल्यावरची रिकामी वर्षं वयापेक्षा जास्त नडतात.

डिचोलीकर:
सगळ्यांचे आभार. नाहरकत दाखल्याचा अर्ज या आठवड्यातच करतो. एका ठिकाणी लेखी आणि प्रात्यक्षिक चाचणी आहे म्हणतात. त्यात काय असतं?

इनचार्ज_सिस्टर:
सलाइनच्या वेगाचा प्रश्न ठरलेला. ५०० मिली आठ तासांत द्यायचं, सेट मिलिलिटरला २० थेंबांचा: ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. मायक्रोड्रिप (बारीक थेंबांचा सेट) ६० थेंबांचा असतो, त्यात ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब.

दुसरं इन्सुलिन. यात शिकलेसवरलेलेही चुकतात. टेबलावर बाटली ठेवतात ४० युनिटची (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) आणि शेजारी दोन सिरिंज: लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. सांगतात, २० युनिट भरा. हात आधी बाटलीच्या लेबलाकडे जातो की सिरिंजकडे, ते आम्ही बघतो. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज घेऊन २० च्या खुणेपर्यंत भरलंत तर रुग्णाला जातात फक्त ८ युनिट. उलट झालं, म्हणजे १०० चं औषध ४० च्या सिरिंजने, तर २० च्या जागी ५० जातात आणि साखर धाडकन खाली येते. म्हणून लेबल मोठ्याने वाचा, सिरिंज जुळवा, भरलेलं दुसऱ्या नर्सला दाखवा. परीक्षेतही "दुसऱ्याकडून तपासून घेते किंवा घेतो" हे तोंडाने बोला, त्याचे गुण असतात.

पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत ढकलायचं नाही, हे कोणत्याही क्रमाने विचारलं तरी चुकू नका. सलाइनमध्ये मिसळून, सावकाश, मॉनिटर लावून. व्हेनफ्लॉनचे (शिरेत बसवायच्या नळीचे) नंबर आणि रंग: १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. कचऱ्यात सुई पांढऱ्या डब्यात, आयव्ही सेट लाल, काचेची व्हायल निळ्या आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. दाब देताना कोपर वाकलं की लगेच दिसतं.

कागदवाला:
एक राहिलं. ऑफर लेटर हातात आलं की बेसिक किती ते बघा, कारण पीएफचे १२ टक्के त्यावर कापतात. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो, पगाराच्या पावतीत ते दिसलं पाहिजे. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि मधेच सोडल्यास किती रक्कम, हे आकडे लेखी घ्या. आणि ड्युटी आठ तासांची की बारा, ते आधीच विचारा. रात्रपाळी संपवून डिचोलीपर्यंत दुचाकीवर यायचंय तुम्हाला.